रास्पबेरी पायच्या छोट्या क्लस्टरमध्ये नेटवर्क तुटते तेव्हा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरे कोणत्या मांडणीला लागू पडतात?

चार ते आठ रास्पबेरी पाय ४ बोर्ड (हे छोटे संगणक एकत्र काम करतात तेव्हा त्यांच्या संचाला क्लस्टर आणि प्रत्येकाला नोड म्हणतात), त्यांना केबलने जोडणारा एक साधा गिगाबिट स्विच, घरातील राउटरकडून मिळणारे आयपी पत्ते आणि त्यावर चालणारी, नोडांवर कामे वाटून देणाऱ्या कुबरनेटिस या प्रणालीची ‘के-थ्री-एस’ ही हलकी आवृत्ती, अशी मांडणी समोर ठेवून ही उत्तरे लिहिली आहेत. पाय ३ आणि पाय ५ यांचे वेगळेपण जिथे महत्त्वाचे ठरते, तिथे ते सांगितले आहे. इतर कंपन्यांच्या बोर्डांनाही बहुतेक तपासण्या लागू पडतात, मात्र विद्युतदाबाची नोंद देणारी जी आज्ञा पुढे येते ती रास्पबेरी पायचीच आहे. अमेरिकेतील लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळेत २०१७ मध्ये अशा ७५० बोर्डांचा संच उभारण्यात आला होता. खरा महासंगणक अडवून न ठेवता प्रणालीची सॉफ्टवेअर तपासता यावीत, हा त्यामागचा हेतू होता. टेबलावरच्या चार बोर्डांचे सुख असे, की प्रत्येक केबलचे दुसरे टोक डोळ्यांना दिसते.

‘नेटवर्क जाते’ असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय गेलेले असते?

या एका वाक्याखाली किमान चार वेगवेगळे बिघाड दडलेले असतात आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या उपयोगी पडत नाहीत. पहिल्या प्रकारात केबलवरची लिंकच तुटते : स्विचवरचा त्या पोर्टचा दिवा विझतो आणि कर्नलच्या (कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या) नोंदींमध्ये ‘लिंक इज डाउन’ असे वाक्य उमटते. दुसऱ्या प्रकारात दिवा जळत असतो, परंतु नोडचा आयपी पत्ता गेलेला किंवा बदललेला असतो. तिसऱ्या प्रकारात नेटवर्क निर्दोष असते आणि नोडच गोठलेला किंवा नकळत पुन्हा सुरू झालेला असतो. चौथ्या प्रकारात नोड पिंगला (‘आहेस का?’ असे विचारणाऱ्या छोट्या पॅकेटला) व्यवस्थित उत्तर देतो, तरीही क्लस्टर त्याला ‘नॉट रेडी’ ठरवतो.

त्यामुळे कोणतीही सेटिंग बदलण्यापूर्वी आपला बिघाड या चारांपैकी कोणता, हे ठरवावे. त्यासाठी दुसऱ्या एखाद्या संगणकावरून प्रत्येक नोडला, स्विचला जोडलेल्या राउटरला आणि बाहेरच्या एका पत्त्याला सतत पिंग करत राहून वेळेसह त्याची नोंद फाईलमध्ये उतरवावी. एक नोड गायब होतो की सर्व एकदम, खंड तीन सेकंदांचा असतो की चाळीस सेकंदांचा, तो ठरावीक वेळी येतो की कधीही, एवढे कळले तरी निम्मा तपास झालेला असतो. तीन ते पाच सेकंदांचा खंड लिंक तुटून पुन्हा जुळल्याकडे बोट दाखवतो, तर अर्ध्या-पाऊण मिनिटाचा खंड बहुधा बोर्ड पुन्हा सुरू झाल्याचा असतो.

नोड गायब झाला की लगेच त्याची वीज काढून पुन्हा लावावी का?

लावू नये, कारण त्याने नोड परत येतो आणि पुरावा मात्र जातो. मेमरी कार्डाची झीज टाळण्यासाठी कार्डावर उतरवायच्या अनेक तयार कार्यप्रणालींमध्ये नोंदी फक्त रॅममध्ये ठेवल्या जातात आणि वीज काढताच त्या पुसल्या जातात. नोंदी सांभाळणाऱ्या ‘जर्नलडी’ या सेवेच्या सेटिंगमध्ये साठवण ‘पर्सिस्टंट’ करून ठेवावी, म्हणजे पुढच्या वेळी ‘जर्नलसीटीएल’ला ‘उणे बी उणे एक’ हा पर्याय देऊन मागील सत्राच्या शेवटच्या ओळी वाचता येतात. त्या ओळी मध्येच कापल्यासारख्या संपत असतील, तर बोर्ड रीतसर बंद झालेला नाही, त्याची वीज तुटली किंवा तो गोठला. बिघाड चालू असतानाच बोर्डाला मॉनिटर आणि कीबोर्ड जोडून पाहता आले तर उत्तमच.

सर्वांत आधी काय तपासावे?

वीजपुरवठा. नेटवर्कची तक्रार असताना विजेकडे बोट दाखवणे विचित्र वाटते, पण या बोर्डांच्या बाबतीत मी हाच क्रम आग्रहाने सांगेन. पाय ४ ला ५ व्होल्टला ३ अँपिअर आणि पाय ५ ला ५ अँपिअर देऊ शकणारा अडॅप्टर अपेक्षित आहे. छोट्या क्लस्टरमध्ये मात्र बहुतेक जण फोनसाठी बनवलेला सहा पोर्टांचा चार्जर वापरतात. अशा चार्जरवर ठळक अक्षरांत ६० वॅट लिहिलेले असते आणि बारीक अक्षरांत प्रत्येक पोर्टची मर्यादा २.४ अँपिअर असते. चार पाय ४ बोर्डांचा कागदावरचा हिशेब १२ अँपिअर, म्हणजे ६० वॅट होतो. चारही बोर्ड एकाच वेळी तेवढा प्रवाह ओढत नाहीत हे खरे, परंतु क्लस्टरमध्ये एखादे काम सर्व नोडांवर एकदम सुरू होणे हीच तर नेहमीची गोष्ट असते.

त्यात बारीक तारेच्या यूएसबी केबलमध्ये दाब आणखी पडतो. बोर्डाला मिळणारा दाब ४.६३ व्होल्टच्या खाली गेला, की रास्पबेरी पाय कमी दाबाचा इशारा नोंदवतो. पाय ३ आणि त्याआधीच्या बोर्डांमध्ये नेटवर्कची चिप यूएसबीवर बसलेली असल्यामुळे यूएसबी डळमळली की तिच्याबरोबर नेटवर्कही जाते. पाय ४ पासून ते स्वतंत्र आहे, पण दाब पुरेसा खाली गेला तर संपूर्ण बोर्डच पुन्हा सुरू होतो आणि बाहेरून पाहणाऱ्याला ‘नेटवर्क गेले’ एवढेच दिसते.

माझ्या चार बोर्डांच्या संचातील तिसरा नोड कित्येक आठवडे रात्री दोनच्या सुमारास नाहीसा होत असे. मी केबल बदलली, स्विच बदलला, राउटरमध्ये पत्ते राखून ठेवले, आणि प्रत्येक वेळी दोन-तीन दिवस बरे गेले की उपाय सापडला असे मानले. दोन वाजता त्या नोडवर बॅकअप सुरू होतो आणि त्याच्या यूएसबी पोर्टला जोडलेली एसएसडी तेवढ्या वेळापुरता जास्त प्रवाह ओढते, हे लक्षात यायला फार उशीर झाला. त्या एका बोर्डाला स्वतंत्र अडॅप्टर आणि आखूड जाड केबल दिल्यावर तक्रार संपली. जुना स्विच निर्दोष होता. तो आता कपाटात आहे.

कमी दाबाची नोंद कशी वाचावी?

‘व्हीसीजेनसीएमडी’ या आज्ञेला ‘गेट थ्रॉटल्ड’ हा शब्द दिला की एक षोडशमान संख्या मिळते. ती शून्य असेल तर बोर्ड सुरू झाल्यापासून विजेची किंवा उष्णतेची तक्रार नाही. ०एक्स५०००० दिसल्यास याआधी कधीतरी दाब कमी झाला होता आणि त्यामुळे प्रोसेसरचा वेगही आवरला गेला होता. ०एक्स५०००५ म्हणजे हे या क्षणीही चालू आहे. या संख्येतील इतिहास बोर्ड पुन्हा सुरू झाला की पुसला जातो, त्यामुळे दर मिनिटाला तिची नोंद फाईलमध्ये ठेवणारी छोटी स्क्रिप्ट लावावी आणि पिंगच्या नोंदीशी वेळ ताडून पाहावी.

वीज नेटवर्कच्या केबलमधूनच, म्हणजे पीओईने, दिली तर हा प्रश्न सुटतो का?

एक प्रश्न सुटतो आणि एक नवा हिशेब समोर येतो. ८०२.३एएफ या मानकाप्रमाणे स्विच एका पोर्टवर १५.४ वॅट देतो आणि केबलमधील घट धरून उपकरणाला १२.९५ वॅट मिळतात. नंतरच्या ८०२.३एटी मध्ये हेच आकडे ३० आणि २५.५ वॅट आहेत. यूएसबीवर काहीही न जोडलेला पाय ४ पहिल्या मानकात बसतो. एसएसडी जोडलेल्या पाय ५ साठी दुसरेच घ्यावे. मात्र पोर्टची क्षमता आणि संपूर्ण स्विचची एकूण क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकूण क्षमता ओलांडली गेली की स्विच एखाद्या पोर्टची वीज तोडतो, आणि तसे झाले तर दिवा, लिंक आणि नोड तिन्ही एकदम जातात.

केबल नवीकोरी आहे. तरी तिच्यावर संशय घ्यावा का?

घ्यावा. गिगाबिट वेगासाठी केबलमधील चारही जोड्या लागतात, तर १०० मेगाबिटसाठी दोनच पुरतात. त्यामुळे एका जोडीचा संपर्क ढिला असेल तर बहुधा केबल पूर्ण बंद पडत नाही. ती काही सेकंद तुटते आणि १०० मेगाबिटवर परत येते. ‘डीमेसेज’ या आज्ञेने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदीत ‘लिंक इज अप’ या शब्दांपुढे १००० ऐवजी १०० दिसू लागले, की केबल, तिचे प्लग किंवा पोर्ट यांपैकी एक सदोष आहे असे समजावे. ‘ईथटूल’ ही आज्ञा चालू वेग सांगते. ‘आयपर्फ३’ने दोन नोडांमधील खरा वेग मोजता येतो : निकोप गिगाबिट जोडणीवर सुमारे ९४० आणि १०० मेगाबिटच्या जोडणीवर सुमारे ९४ मेगाबिट प्रतिसेकंद मिळतात. पाय ३ बी प्लसवर ३०० च्या आसपास आकडा आला तर घाबरू नये, कारण त्याचे गिगाबिट यूएसबी २ च्या वाटेने जाते आणि त्याची मर्यादाच तेवढी आहे.

स्वस्त केबलमध्ये तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम असते. ते लवकर तुटते आणि पीओईसाठी तर मुळीच योग्य नाही. दोष कुठे आहे हे ठरवण्यासाठी एका वेळी एकच गोष्ट हलवावी. संशयित नोडची केबल चांगल्या नोडला लावली आणि बिघाडही तिकडे गेला, तर दोष केबलचा. बिघाड जुन्याच नोडवर राहिला, तर स्विचचा पोर्ट बदलून पाहावा. केबल आणि पोर्ट दोन्ही एकदम बदलले तर बिघाड थांबूनही आपल्याला काहीच कळत नाही.

दिवा जळतो आहे, पण नोडचा पत्ता जातो किंवा दोन नोडांना एकच पत्ता मिळतो. असे का होते?

छोट्या क्लस्टरमध्ये याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे एक कार्ड नीट तयार करून त्याच्या प्रती काढणे. प्रत काढताना नोडचे नाव तर सारखे राहतेच, शिवाय ‘इटीसी’ फोल्डरमधील ‘मशीन-आयडी’ ही फाईलही जशीच्या तशी उतरते. उबुंटू सर्व्हरमधील नेटवर्क सांभाळणारी ‘सिस्टमडी-नेटवर्कडी’ ही सेवा राउटरकडे पत्ता मागताना स्वतःची ओळख याच फाईलवरून तयार करते. प्रत्येक बोर्डाचा मॅक पत्ता (नेटवर्क चिपचा स्वतःचा क्रमांक) वेगळा असला तरी ओळख एकच असल्यामुळे राउटर त्या सर्वांना एकच उपकरण समजू शकतो आणि तोच पत्ता पुन्हा देऊ शकतो. मग दोन नोड आळीपाळीने दिसतात आणि दिसेनासे होतात. पाहणाऱ्याला वाटते की नेटवर्क झोके घेत आहे.

उपाय असा, की प्रत काढण्यापूर्वी ती फाईल रिकामी करावी, म्हणजे प्रत्येक बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना स्वतःची नवी ओळख तयार करेल. प्रती आधीच काढल्या असतील तर प्रत्येक नोडवर ती नव्याने निर्माण करावी, किंवा ‘नेटप्लॅन’ या नेटवर्कच्या सेटिंग फाईलमध्ये ओळख म्हणून मॅक पत्ता वापरण्याची सूचना द्यावी. नोडांची नावेही वेगळी ठेवावीत, कारण ‘के-थ्री-एस’ नोडला नावाने ओळखते आणि त्याच नावाचा दुसरा नोड आला तर त्याला नाकारते.

क्लस्टरच्या नोडांना कायमचे पत्ते द्यावेत. ते राउटरमध्ये मॅक पत्त्यानुसार राखून ठेवणे मला सर्वांत सोयीचे वाटते, कारण सर्व नोंदी एका जागी राहतात. नोडवरच पत्ता लिहायचा असेल, तर तो राउटर ज्या पट्ट्यातून पत्ते वाटतो त्याच्या बाहेरचा असावा. नाहीतर एखाद्या दिवशी पाहुण्यांच्या फोनला तोच पत्ता मिळतो.

नोड सुरू झाल्यावर त्याचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याला राउटरकडून उत्तर मिळालेले नाही. सेटिंग बदलता येणारा (व्यवस्थापनक्षम) स्विच वापरत असल्यास त्याच्या ‘स्पॅनिंग ट्री’ची, म्हणजे केबलचे वळसे ओळखून अडवणाऱ्या सोयीची, सेटिंग पाहावी. जुन्या मूळ पद्धतीत नवा जोडलेला पोर्ट १५ अधिक १५ असे ३० सेकंद थांबूनच वाहतूक सोडतो, आणि तोवर नोड पत्ता मागून थकलेला असतो. ज्या पोर्टांना नोड जोडले आहेत ते ‘एज’ किंवा ‘पोर्टफास्ट’ प्रकारचे करावेत.

क्लस्टर वायफायवर चालवावा का?

शक्यतो नाही. नाइलाज असेल तर वायफायची वीजबचत आधी बंद करावी, कारण ती चालू असताना शांत बसलेला नोड पिंगला उशिरा उत्तर देतो किंवा देतच नाही. यूएसबी ३ ची उपकरणे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतात, त्यामुळे एसएसडी जोडलेल्या बोर्डासाठी ५ गिगाहर्ट्झचा पट्टा निवडावा. केबल जोडलेली असेल तर वायफाय पूर्ण बंद करावे. दोन्ही एकाच सबनेटवर चालू ठेवल्यास मागणी एका वाटेने येते, उत्तर दुसऱ्या वाटेने जाते आणि तपास करणारा माणूस तिसऱ्याच वाटेला लागतो.

उन्हाळ्यात दुपारी नोड जास्त तुटतात. उष्णतेने नेटवर्क जाते का?

थेट जात नाही. पाय ४ चा प्रोसेसर ८० अंश सेल्सिअसपासून वेग आवरू लागतो आणि ८५ अंशांना तो आणखी कमी करतो. नोड मंदावतो, उत्तरे उशिरा येतात आणि क्लस्टर त्याला गैरहजर समजतो. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा बंद कपाटात एकावर एक रचलेल्या बोर्डांना केवळ हीटसिंक पुरत नाही. पंखा लावावा, आणि त्याची हवा स्विचवरूनही जाईल असे पाहावे. प्लॅस्टिकच्या डबीतील पंख्याविना स्विचही तापतो, पण त्याचे तापमान सांगणारी आज्ञा आपल्याकडे नसते.

वीज जाऊन आल्यावर क्लस्टर अर्धवटच उठतो. याचे कारण काय?

बोर्ड राउटरच्या आधी जागे होतात, हे एक कारण. दुसरे कारण कमी परिचित आहे. पाय ४ मध्ये स्वतःचे घड्याळ नसते, आणि पाय ५ मध्ये ते असले तरी त्याची बॅटरी वेगळी लावावी लागते. इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत अशा बोर्डाची तारीख मागची असते, आणि नोडांमधील सुरक्षित संवादाची प्रमाणपत्रे ‘अद्याप वैध नाहीत’ म्हणून नाकारली जाऊ शकतात. पिंग चालतो, लिंक असते, तरी नोड क्लस्टरमध्ये येत नाही. क्लस्टरची सेवा वेळ जुळल्यानंतरच सुरू व्हावी अशी अट सेवा सुरू करणाऱ्या ‘सिस्टमडी’मध्ये घालता येते. इन्व्हर्टर असेल तर त्यावर बोर्ड, स्विच आणि राउटर तिन्ही ठेवावेत. अनेक घरांत राउटर आणि बोर्ड इन्व्हर्टरवर असतात आणि मधला स्विच इन्व्हर्टर नसलेल्या सॉकेटवर राहून गेलेला असतो.

पिंग एकदाही चुकत नाही, तरी क्लस्टर नोडला ‘नॉट रेडी’ म्हणतो. मग दोष कुठे शोधावा?

बहुतेक वेळा मेमरी कार्डात. पिंगला उत्तर कर्नल देतो, त्यासाठी कार्डाला हात लावावा लागत नाही. कुबरनेटिसमध्ये मात्र नोडला दर १० सेकंदांनी आपली हजेरी लावावी लागते आणि आवृत्तीनुसार ४० ते ५० सेकंद हजेरी आली नाही तर तो ‘नॉट रेडी’ ठरतो. पुढे नेहमीच्या सेटिंगप्रमाणे पाच मिनिटांनी त्यावरील कामे दुसरीकडे हलवली जातात. ही हजेरी ज्या भांडारात लिहिली जाते तेच संथ असेल, तर निर्दोष नोडही गैरहजर दिसतो.

एकच मुख्य नोड असेल तर ‘के-थ्री-एस’ आपली माहिती एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवते. तीन मुख्य नोड केले की तिथे सर्व मुख्य नोडांवर एकच माहिती राखणारी ‘इटीसीडी’ येते, आणि ती कार्डाच्या संथपणाबद्दल फार काटेकोर आहे. मुख्य नोडांपैकी एक नेता असतो, तो बाकीच्यांना ठरावीक काळाने आपण जिवंत असल्याचा निरोप पाठवतो, आणि ठरलेल्या मुदतीत निरोप आला नाही तर नव्या नेत्याची निवड सुरू होते. प्रत्येक नोंद कार्डावर पक्की उतरल्याशिवाय ‘इटीसीडी’ पुढे जात नाही आणि साध्या मेमरी कार्डाला यासाठी कधीकधी शेकडो मिलिसेकंद लागतात. नोंदींमध्ये नेता वारंवार बदलताना दिसतो आणि दोष नेटवर्कच्या माथी मारला जातो. मुख्य नोडांना एसएसडी द्यावी. कामकरी नोड कार्डावर राहिले तरी चालतात.

यासोबत मेमरी संपून कर्नलने एखादी प्रक्रिया मारली आहे का, हेही ‘डीमेसेज’मध्ये पाहावे. ‘कॉनट्रॅक टेबल फुल’ अशी ओळ दिसली, तर कर्नलची जोडण्यांची यादी भरून तो पॅकेट टाकून देत आहे. ती मर्यादा वाढवता येते, पण एवढ्या जोडण्या उघडणारे काम कोणते, ते आधी शोधावे.

लहान मागण्या जातात, मोठ्या फाईल अडकतात. हे कशाचे लक्षण आहे?

पॅकेटच्या कमाल आकाराचा, म्हणजे एमटीयूचा, मेळ बसत नसल्याचे. नेहमीच्या ईथरनेटवर तो १५०० बाइट असतो. ‘के-थ्री-एस’मधील नेटवर्क सांभाळणारी ‘फ्लॅनेल’ पॉडांची (नोडांवर चालणाऱ्या कामांच्या एककांची) पॅकेट दुसऱ्या पॅकेटात गुंडाळून पाठवते आणि त्या वेष्टनाला ५० बाइट लागतात, म्हणून आत १४५० उरतात. तुकडे करण्यास मनाई करून नोडांमध्ये १४७२ बाइटचा आणि पॉडांमध्ये १४२२ बाइटचा पिंग पाठवून पाहावा. दोन्ही ठिकाणी २८ बाइट शीर्षकांचे धरलेले आहेत. कोणी वेग वाढवण्यासाठी एखाद्याच नोडवर मोठ्या फ्रेम चालू केल्या असतील तर त्या काढाव्यात. पॉडांचा संवाद पूर्णच बंद असेल, तर फायरवॉलमध्ये यूडीपीचा ८४७२ हा पोर्ट नोडांदरम्यान खुला आहे का ते पाहावे.

सर्व नोड एकाच क्षणी जातात. आता?

स्विच, त्याचा अडॅप्टर किंवा वळसा. एकाच केबलची दोन्ही टोके चुकून साध्या स्विचमध्ये गेली, तर प्रसारण पॅकेट गोल फिरत राहतात, सर्व दिवे एकसारखे वेगाने लुकलुकतात आणि घरातील इतर उपकरणेही अडतात. केबल एकेक करून काढावी.

वीजबचत करणारे ईथरनेट बंद करावे का?

पाय ३ बी प्लसवर काही स्विचांबरोबर याचा त्रास होतो, आणि ‘कॉन्फिग’ फाईलमध्ये एक ओळ घालून ते बंद करता येते. वीज आणि केबल तपासून झाल्यावरही लिंक अकारण तुटत असेल तर हा प्रयोग करावा, आधी नाही.

नोड अडकला की आपोआप पुन्हा सुरू करणारा वॉचडॉग लावावा का?

कारण सापडल्यानंतर लावावा. बोर्डातील वॉचडॉगची मुदत १५ सेकंदांच्या आसपास असते. ‘सिस्टमडी’ने तेवढ्या वेळात खूण दिली नाही तर तो बोर्ड पुन्हा सुरू करतो. पण नेटवर्क गेले आणि प्रणाली जिवंत असली, तर ‘सिस्टमडी’ खूण देतच राहते आणि वॉचडॉग हलत नाही. त्यासाठी वेगळी छोटी स्क्रिप्ट लागते : दर मिनिटाला राउटरला पिंग करावा, सलग पाच वेळा उत्तर आले नाही तर प्रथम लिंकची स्थिती, पत्ता, तापमान आणि दाबाची ती षोडशमान संख्या फाईलमध्ये लिहावी, आणि त्यानंतरच नेटवर्कची सेवा पुन्हा सुरू करावी.